पाठ टेकण्याची फी

मराठी मध्यमवर्गीय घरात आडवं पडायला कारण लागतं. ताप चालतो, कंबर धरलेली चालते, ऑपरेशन झालं असेल तर उत्तमच. मग लोक भेटायला येतात आणि शहाळी आणतात. पुरुषांना रविवारी जेवणानंतर वामकुक्षी चालते. तिला आयुर्वेदाचा आधार आहे म्हणे, त्यामुळे ती झोप नसून औषधोपचार ठरते. बायका मात्र झोपत नाहीत. बायका जरा पाठ टेकतात. तीही कुकरच्या तिसऱ्या शिटीपर्यंत किंवा भांडीवाल्या मावशी येईपर्यंत, आणि टेकताना एक कान दाराच्या बेलकडे ठेवून. संध्याकाळी सहा वाजता धडधाकट बाई दिवाणखान्यात आडवी दिसली तर घरातला प्रत्येक जण येताजाता विचारतो, "बरं नाही का?" बरं आहे म्हटलं, तर पुढचा प्रश्न चहाचा असतो.

अशा संस्कारांत पन्नाशी ओलांडल्यावर मला कळलं, की दर शनिवारी बरोबर त्याच सहा वाजता, बाणेरमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर, पंधरा-वीस सुशिक्षित माणसं दिवे मंद करून जमिनीवर पडलेली असतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. याला यिन योग म्हणतात. महिन्याची फी आगाऊ भरावी लागते.

नाव घातलं ते मुलीनं, बंगळूरमधून, फोनवरच. मला फक्त घरी सांगायचं काम उरलं होतं. नवऱ्यानं "जा की" म्हणून पेपर उलटला. सासूबाईंना तपशील हवा होता.

"तिथे जाऊन नेमकं करता काय गं?"

"एक आसन घ्यायचं आणि तीन ते पाच मिनिटं तसंच राहायचं, आई. अंग ढिलं सोडून."

"ढिलं सोडून?"

"हो, जोर लावायचाच नाही. टेकायला लोड असतो, डोक्याखाली उशी देतात, शेवटी अंगावर पांघरूण घालतात."

सासूबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आणि पैसे कोण कुणाला देतं?"

हे विचारताना त्या उकिडव्या बसलेल्या होत्या. वय वर्षं ८१, टाचा जमिनीला पूर्ण टेकलेल्या, आणि दोन जुड्या निवडून होईपर्यंत त्या उठणार नव्हत्या. आमच्या वर्गात याच बसण्याला स्क्वॉट म्हणतात. आयटीतला एक तरणाबांड मुलगा ते करताना दोन्ही टाचांखाली ठोकळे घेतो आणि तरीही दीड मिनिटात मागच्या मागे बसतो.

यामागचं शास्त्र आमची शिक्षिका छान समजावते. तिचं वय माझ्या मुलीएवढं, आवाज इतका मऊ की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं हिलाच बरं नाही. ती सांगते, स्नायू लगेच ऐकतात. त्यांना ओढा, झटका द्या, ते तयार. पण सांध्यांभोवतीचे अस्थिबंध आणि स्नायूंवरची आवरणं, ज्यांना हल्ली जो तो फॅशिया म्हणतो, ती सावकाश ऐकणारी मंडळी. त्यांना ताण थोडाच द्यायचा, पण पुष्कळ वेळ. स्नायू घट्ट धरून ठेवला तर सगळा ताण तोच खाऊन टाकतो, म्हणून त्याला सैल सोडायचा. उदाहरण ती दातांच्या तारांचं देते: तार काही दाताला एका दिवसात ओढून सरळ करत नाही, महिनोन्‌महिने हलकेच रेटत राहते. हे सांगताना ती बोटानं खालच्या मजल्याकडे दाखवते. खालच्या डॉक्टरांना याची कल्पना नसावी. अधूनमधून तिथून ड्रिलचा आवाज वर येतो आणि आमच्यातले निम्मे लोक त्या क्षणी आपापल्या आसनात एकदम समाधानी होतात.

नियम तीनच. झेपेल इतपतच खोल जायचं, मग हलायचं नाही, आणि वेळ होईपर्यंत थांबायचं. दुखणाऱ्या प्रत्येक गोष्टीला शिक्षिका 'सेन्सेशन' म्हणायची, तेव्हा सुरुवातीला सगळ्यांचा फार गोंधळ व्हायचा. शेवटी कोपऱ्यातल्या एका काकूंनी उपड्या पडल्या पडल्या विचारलं, "अगं, रग लागली तर राहायचं आणि कळ आली तर उठायचं, असंच ना?" असंच. शिवाय मुंग्या आल्या, चमक मारली तरीही उठायचं. त्या दिवसापासून वर्गात सेन्सेशनवरून कुणाला शंका आलेली नाही.

खरी पंचाईत होते ती दुसऱ्या नियमाची. आपल्याकडे व्यायाम म्हणजे घाम. घाम नाही तर व्यायाम नाही, हे आम्ही शाळेच्या मैदानावर शिकलो. तिथे 'विश्राम' म्हटल्यावरसुद्धा हात मागे बांधून ताठ उभं राहावं लागायचं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर अख्ख्या संस्थानाला सूर्यनमस्कार घालायला लावले आणि त्यावर पुस्तकंही लिहिली. (हे औंध साताऱ्याकडचं. बाणेरच्या शेजारच्या औंधात हल्ली नमस्कार घालतात ते फक्त ट्रॅफिकला.) ही परंपरा आमच्या वर्गात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका एकहाती चालवतात. ते रोज पहाटे बारा नमस्कार घालून दुधाच्या पिशव्या घेऊन येतात, आणि यिन योगाकडे त्यांनी पहिल्या दिवसापासून सरकारी तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेनं पाहिलं आहे.

"योग आपला. मग हे यिन कुठून आलं?" त्यांनी पहिल्याच तासाला विचारलं.

शिक्षिकेनं न चिडता सांगितलं. यिन आणि यांग ही चीनच्या ताओ विचारातली जोडी. यांग म्हणजे उष्ण, हलतं, बाहेर धावणारं. यिन म्हणजे थंड, स्थिर, आत वळलेलं. अमेरिकेत पॉली झिंक नावाचे कुंग फूचे जाणकार सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ताओवादी योग शिकवत होते. त्यांच्याकडे पॉल ग्रिली शिकले. त्यांनी त्यातला जमिनीवर बसून आणि पडून करायचा भाग उचलला, त्याला शरीररचनाशास्त्राची जोड दिली, सारा पॉवर्स या शिक्षिकेनं 'यिन योग' हे नाव रूढ केलं, आणि २००२ साली ग्रिलींचं त्यावर पुस्तकही आलं.

काकांनी मनातल्या मनात टिपणी केली. "म्हणजे विचार चिनी, माणसं अमेरिकन, आसनं आमची. आणि हा लोड?"

लोडाचा प्रश्न निघाला आणि काका जिंकले. कारण योगाच्या वर्गात लोड, पट्टे, दोऱ्या, लाकडी ठोकळे यांना मान मिळवून दिला तो पुण्यातच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली गुरूंच्या सांगण्यावरून इथे शिकवायला आले. लहानपणी आजारांनी खंगलेला तो तरुण पुढे जन्मभर याच विचारात राहिला, की जे शरीर वाकत नाही, उभं राहत नाही, त्याला आसनात टिकवायचं कसं. मग विटा आल्या, खुर्च्या आल्या, भिंतीतल्या हुकांना बांधलेल्या दोऱ्या आल्या. १९७५ पासून मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत जगभरातून लोक येऊ लागले आणि जाताना ही सगळी सामग्री डोक्यात भरून घेऊन गेले. शिस्तीला अय्यंगार भयंकर कडक. त्यांच्या लोडावर आमचा वर्ग ज्या रीतीनं ओघळतो ते त्यांनी पाहिलं असतं तर काय केलं असतं, याची कल्पना न केलेली बरी.

"म्हणजे लोड आपला," काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते फी वेळेवर भरतात.

त्या लोडांबद्दल एक सांगायला हवं. मन रितं करायला, सोडून द्यायला, स्पर्धा विसरायला आलेले आम्ही सगळे सहाला वीस मिनिटं असल्यापासून लोडांसाठी धावतो. जाड, घट्ट कापूस भरलेले निळे लोड फक्त चार आहेत. बाकीचे मधोमध बसलेले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची विद्या इथे कुणी कुणाला शिकवावी लागली नाही. एकदा एका ताईंनी "हा लोड माझ्या एनर्जीला सूट होतो" म्हणून माझा रुमाल उचलून शेजारच्या चपट्या लोडावर ठेवला होता. पुढचा तासभर मी त्यांच्या पाठीकडे बघत क्षमाशीलतेचा सराव केला. तो जमला नाही.

आसनांची नावं प्राणिसंग्रहालयातली आहेत. आपलं बद्धकोणासन इथे बटरफ्लाय, पश्चिमोत्तानासन कॅटरपिलर, हलासन स्नेल. मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. आकार तोच असला तरी इथे अंग सोडायचं असतं, म्हणून जुन्या नावानं जुना जोर आठवू नये. उद्देश चांगला आहे. पण आमचा तास बटरफ्लायनं सुरू होतो आणि कॅटरपिलरकडे जातो, तेव्हा फुलपाखराचा सुरवंट होण्याची ही उलटी वाटचाल माझ्या वयाला अगदी चपखल बसते.

बटरफ्लायमध्ये तळवे जुळवून, गुडघे बाहेर सोडून पुढे वाकायचं असतं. काकांचे गुडघे जमिनीकडे जात नाहीत. ते छताकडे पाहतात. बारा सूर्यनमस्कारांचा माणूस, त्याला हे अपमानास्पद वाटायचं. तेव्हा शिक्षिकेनं ग्रिलींचं आवडतं म्हणणं सांगितलं: प्रत्येकाचं हाड वेगळं. मांडीच्या हाडाची मान कुणाची किती कोनात वळलेली, खुब्याची खोबण कुणाची कुठे तोंड करून, हे जन्मानं ठरतं. ताणानं अडलं असेल तर वेळ देऊन सुटतं. हाडावर हाड टेकून अडलं असेल तर जन्मभर रेटून काही होत नाही. काका दोन मिनिटं गप्प झाले. साठ वर्षं जो दोष ते आळसाच्या खात्यावर मांडत होते तो एकदम आराखड्यातला निघाला होता. मला आमचे शाळेतले पी.टी.चे सर आठवले. पायाचे अंगठे धरता येत नाहीत म्हणून ते वेताची छडी पोटरीवर मारायचे. त्यांना मांडीच्या हाडाला मान असते हे कुणी सांगितलं नसावं.

"जिथे आहात तिथे छान आहात," असं शिक्षिका अशा वेळी म्हणते. माझं कपाळ जमिनीपासून वीतभर वर लटकलेलं असतं, मंगळसूत्र घरंगळून ओठांवर आलेलं असतं, आणि ती म्हणते, छान आहात. हे वाक्य मला आमच्या घरात आजवर कुणी ऐकवलेलं नाही.

टो स्क्वॉटबद्दल मात्र मी एक शब्दही बरा बोलणार नाही. गुडघ्यांवर बसायचं, पायाची बोटं दुमडून खाली घ्यायची आणि टाचांवर सगळं वजन सोडायचं. दिसायला निरुपद्रवी. पहिल्या अर्ध्या मिनिटात जोडव्यांचं अस्तित्व कळतं. लग्नात घातलेली चांदीची जोडवी इतकी वर्षं बोटांत निमूट नांदत होती. ती एकदम दोन्ही बाजूंनी चावायला लागतात. हे आसन शोधणाऱ्या माणसानं जोडवी घातलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. वर्गातल्या सगळ्या विवाहित मराठी बायका आता टो स्क्वॉटच्या आधी खाली वाकून जोडवी काढतात आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवतात. एकदा एका झाकणात चौघींची जमा झाली. तास संपल्यावर कुणाची कुठली हे ठरवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात आणखी एक आसन झालं असतं.

सगळ्यांत गाजलेला प्रकार म्हणजे स्लीपिंग स्वान. एक पाय पुढे दुमडायचा, दुसरा मागे लांब सोडायचा आणि लोडावर पालथं पडायचं. रग लागते ती थेट कुल्ह्यात. शिक्षिका हलकेच सांगते, "हिप्समध्ये आपण जुन्या भावना साठवून ठेवतो. वर येतील त्या येऊ देत. बघा, आणि सोडून द्या." आजूबाजूला कुणी सुस्कारे सोडतं, एकीच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या कुल्ह्यातून इडलीपात्र वर आलं.

चार मजली, मऊ इडल्या करणारं, माहेरून आलेलं स्टीलचं इडलीपात्र. कोथरूडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये असताना शेजारणीनं मुलाच्या वाढदिवसाला नेलं. नंतर आम्ही घर बदललं, त्यांनी घर बदललं, तो मुलगा आता कॅनडात आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं मी ते विसरले. पण उजवा कुल्हा ताणला गेल्याबरोबर ते सगळ्या मजल्यांसकट, भोकांसकट, एका खणाच्या वाकलेल्या कडेसकट समोर उभं राहिलं. परत मागितलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "अय्या, मी दिलं नाही का?" त्या 'अय्या'सकट. पाच मिनिटं मी त्या बाईशी भांडले. फार चांगली भांडले. प्रत्यक्षात कधी सुचले नसते असे मुद्दे काढले. वेळ संपल्याची खूण म्हणून शिक्षिकेची वाटी वाजली तेव्हा माझा जबडा आवळलेला आणि कुल्हा मोकळा होता.

आता दर शनिवारी त्या आसनात पोचल्यावर मी बघते. सुरुवातीला अख्खं पात्र यायचं. मग मजले कमी झाले. हल्ली नुसतं झाकण येतं. डाव्या कुल्ह्यात जाऊबाई आहेत. तिकडे अजून फारशी प्रगती नाही.

भावना खरोखर कुल्ह्यात राहतात का, हे मला विचारू नका. शिक्षिका मेरिडियनबद्दलही बोलते: हे आसन यकृताच्या वाहिनीसाठी, ते मूत्रपिंडाच्या. चिनी वैद्यकातली ही कल्पना. देह उघडून पाहिला तर अशा वाहिन्या दिसत नाहीत. जपानच्या हिरोशी मोतोयामांनी त्या मोजायला यंत्रं तयार केली आणि ग्रिली त्यांचे शिष्य. पाटबंधारेवाल्या काकांचा यावर काडीचा विश्वास नाही. पण यकृताचं आसन म्हटलं की ते आणखी दोन बोटं खाली वाकतात. गेल्या रिपोर्टात त्यांचं काहीतरी वाढलेलं आलं होतं.

आयटीतल्या मुलाचं दुखणं वेगळं. तो मनानं पूर्ण शरण आलेला आहे, पण त्याचं मनगटावरचं घड्याळ आलेलं नाही. सगळीकडे शांत, श्वास संथ, कुणी सुरवंट होऊन पडलेलं, आणि त्याचं घड्याळ थरथरून कळवतं की तुम्ही फार वेळ बसून आहात, उठा, जरा हला. बिचारा दचकून उठतोसुद्धा. दिवसभर खुर्चीत बसायचा पगार घेणारा मुलगा संध्याकाळी जमिनीवर पडायची फी भरतो आणि मधल्या वेळात उभं राहायची आठवण करून देणारं यंत्र हप्त्यांवर घेतो. यात कुणाचा तरी फायदा होत असणार.

आसनातून बाहेर येणं हा आत जाण्यापेक्षा अवघड भाग. पाच मिनिटं सोडलेले सांधे परत गोळा करताना प्रत्येकजण क्षणभर नव्वदीत जाऊन येतो. अंधारात "आई गं" उमटतं, त्यामागून "अम्मा", मग "हाय रब्बा". वर्गात किती प्रांतांची माणसं आहेत हे मला हजेरीपटावरून नाही, या क्षणावरून कळलं.

आणि शेवटी शवासन. यासाठीच सगळे येतात. कबूल कुणी करत नाही. पांघरूण, डोळ्यांवर घडी केलेलं कापड, दिवे बंद. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, आणि त्यांचं मागणं इतकंच की आसन स्थिर असावं आणि सुखाचं असावं. काका हे अर्ध्या मिनिटात साधतात आणि घोरू लागतात. वाटी वाजल्यावर विचारलं तर म्हणतात, "छे, झोपलो कुठे? डोळे मिटून ऐकत होतो."

खाली पार्किंगमध्ये आल्यावर फोन चालू करते. घरून निरोप असतात: आलं कुठे आहे, गॅसवाला आला होता, तू कुठे आहेस. तू कुठे आहेस हा दर शनिवारी असतो. पण कुल्ह्यातलं झाकण सोडलं तर मी बरी असते, कठडा न धरता पायऱ्या उतरते आणि रविवारी सकाळी कंबर कुरकुरत नाही. माझ्या मते फी वसूल आहे. त्यातली निम्मी आसनांची आणि निम्मी एका तासात कुणी हाक न मारल्याची.

यायचं असेल तर जागा आहेत. जेवण होऊन दोन तास तरी झालेले असू द्या, गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं असेल तर आधी सांगा, जोडवी घरी ठेवा, घड्याळही. पावणेसहाच्या आत पोचा. आणि भिंतीलगतच्या निळ्या लोडावर पांढरा, कडेला जांभळी वेल भरलेला रुमाल दिसला, तर तो उचलू नका. तो माझा आहे.